खिरापत तिने ओळखली

तिला ते पहिल्याच शनिवारी कळलं आणि मला कळलं नाही. एवढ्यावरून माझी भूक, झोप आणि स्वभाव तिन्ही बिघडले. स्वभाव तसा आधीही फार गोड नव्हता, असं घरचे म्हणतील. म्हणू देत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अंधेरी पूर्वेला औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमची छोटीशी कंपनी होती. खाली पुठ्ठ्याची खोकी बनायची, वर आम्ही प्रोग्रॅम लिहायचो. कॉम्प्युटर ठेवलेल्या खोलीला काच लावलेली होती, आत एसी होता, आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. मशिनं थोडी आणि माणसं जास्त, त्यामुळे प्रोग्रॅम आधी कागदावर लिहायचा, डोक्यातल्या डोक्यात चालवून बघायचा आणि आपली पाळी आली की आत जाऊन टाइप करायचा. या कागदावरच्या कामात माझा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं. मी लिहिलेलं पहिल्या फटक्यात चालायचं. इतरांचं अडलं की ते कागद घेऊन माझ्या टेबलाशी यायचे आणि मी, जरा वाट बघायला लावून, त्यांची चूक दाखवायचे.

आम्ही सगळे कोबोलमध्ये काम करायचो. कोबोल ही कारखान्यांचे पगार, गोदामांचा माल असल्या कामांची भाषा. तिच्यात प्रोग्रॅम म्हणजे वरून खाली जाणारी कामांची रांग. आधी हे उघड, मग ते वाच, मग बेरीज कर, मग छाप. मला ती आवडायची, कारण तिच्यात सगळं माझ्या हुकमात असायचं. कुठलाही आकडा कुठूनही उचलावा, बदलावा, परत ठेवावा. मी एका जागी बसून सगळ्या प्रोग्रॅमला दम देऊ शकत होते.

ती माझ्यानंतर आली. घाटकोपरची गुजराती मुलगी, वयाने माझ्याएवढीच. शाळेत मराठी शिकलेली, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलायची, मध्येच हिंदी घालून. तिला माझ्या शेजारचं टेबल दिलं आणि कोबोल शिकवायचं काम माझ्यावर आलं. मी शिकवलं. मनापासून शिकवलं, कारण ती माझ्यापेक्षा कमी होती आणि तशी ती मला फार आवडायची. ती डब्यातले ठेपले माझ्यापुढे करायची, माझ्या डब्यात सुकी मासळी नसेल त्या दिवशी मी तिला भाजी द्यायचे. "यार, हे परत सांग ना," असं ती दिवसातून कितीदा तरी म्हणायची. मला त्याचा कंटाळा आला नाही.

मग आमचे साहेब अमेरिकेतून परत आले. साहेब मूळचे पार्ल्याचे, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मऊ. येताना त्यांनी फ्लॉप्या आणल्या होत्या आणि एका पुस्तकाची झेरॉक्स. त्यांनी आम्हाला एकत्र बसवून सांगितलं की एका परदेशी बंदराचं मोठं काम मिळतंय. बोटी, क्रेन, मालाचे कंटेनर, कुठला कंटेनर कुठे ठेवायचा, याचा सगळा कारभार कॉम्प्युटरवर आणायचा. पण गिऱ्हाइकाची अट होती, काम नव्या पद्धतीने झालं पाहिजे, सी प्लस प्लस नावाच्या नव्या भाषेत. दर शनिवारी दुपारी साहेब स्वतः शिकवणार होते. शेवटी ते आमच्यातली एक व्यक्ती निवडणार होते, जी या कामाची प्रमुख होईल. तिला स्वतःचं मशीन मिळेल, पाळी लावावी लागणार नाही.

मला ते काम हवं होतं. त्याआधी कुठलीही गोष्ट मला इतकी हवी झाल्याचं आठवत नाही. लग्नासाठी बघायला आलेल्या मुलांपैकी तर नक्कीच कुणी नाही. आणि ते मलाच मिळणार, यात मला शंका नव्हती. दुसरं होतं कोण?

पहिल्या शनिवारी साहेबांनी फळ्यावर एक गोल काढला. म्हणाले, "हा ऑब्जेक्ट. याच्या पोटात माहिती आहे, आणि त्या माहितीचं काय करायचं तेही यालाच ठाऊक आहे. बाहेरच्या कुणी याच्या पोटात हात घालायचा नाही. काही हवं असेल तर याला विचारायचं. हा उत्तर देईल." मग त्यांनी असे बरेच गोल काढले आणि त्यांच्यामध्ये बाण. मी वहीत गोल काढले, बाण काढले आणि वाट बघत बसले की आता सुरुवात कुठून होते ते सांगतील. त्यांनी सांगितलं नाही. शेवटी मी हात वर केला.

"साहेब, पण यात पहिली ओळ कुठली? सुरुवात कुठे?"

"सुरुवातीला महत्त्व नाही यात," साहेब म्हणाले.

मला वाटलं, माणूस अमेरिकेत राहून बिघडला. सुरुवातीला महत्त्व नाही, तर मग कशाला आहे? मी आजूबाजूला बघितलं. सगळ्यांचे चेहरे माझ्यासारखेच होते आणि मला बरं वाटलं. मग मी तिच्याकडे बघितलं. ती फळ्याकडे बघत होती आणि हळूहळू मान डोलावत होती. साहेबांनी तिला काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, साहेब म्हणाले, "बरोबर." माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढे बरेच दिवस थांबलं नाही.

बाकीच्या कुणाला कळलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. पण हिला? जिला गेल्या वर्षी मी फाइल कशी उघडायची ते शिकवलं, तिला? सोमवारी जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, कळलं तुला शनिवारचं?"

"थोडं थोडं," ती म्हणाली. "तू सुरुवात शोधत बसतेस ना, ते नको करू. आधी कोण कोण आहे ते बघ. बंदरात काय आहे, बोट आहे, क्रेन आहे, कंटेनर आहे. प्रत्येकाला आपलं काम येतं. मग ते आपसात बोलतील."

"आणि त्यांना हुकूम कोण देणार?"

"कोणी नाही. एकमेकांना सांगतील."

तिने ते इतक्या सहज सांगितलं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिचा ठेपला परत केला आणि म्हटलं, आज भूक नाही. ती म्हणाली, "बरं नाही का यार?" आणि माझ्यासाठी चहा मागवला. असल्या चांगुलपणाने माणसाला आणखीच राग येतो.

शनिवारामागून शनिवार गेले. ती आता माझ्याकडे काही विचारायला येत नव्हती. उलट इतर लोक कागद घेऊन आमच्या टेबलांकडे यायचे, मी मान वर करायचे, आणि ते माझ्या पुढून जाऊन तिच्याशी थांबायचे. मी खाली बघून पेन्सिलीला टोक करत बसायचे. त्या काळात माझ्या पेन्सिली फार टोकदार होत्या.

नवरात्राच्या तोंडावर साहेबांनी परीक्षा जाहीर केली. प्रत्येकाने नव्या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा. विषय बँकेचा, पगाराचा नको, घरातलाच काहीतरी घ्यायचा. दसऱ्यानंतरच्या शनिवारी सगळ्यांसमोर चालवून दाखवायचा, आणि त्यावरून निवड.

मी आमच्या सोसायटीचं पाणी घेतलं. आम्ही मुलुंड पूर्वेला राहायचो. सकाळी पाणी यायचं, पंप लागायचा, गच्चीवरची टाकी भरायची आणि तिथून मजल्या-मजल्याला पाणी जायचं. टाकी एक ऑब्जेक्ट, पंप एक, प्रत्येक घर एक. इथपर्यंत झकास जमलं. पण भाषेत एक शब्द होता, प्रायव्हेट. तो लिहिला की पोटातली माहिती बाहेरच्यांना दिसत नाही. तो लिहिला की माझा प्रोग्रॅम चालायचाच नाही. ही ओळ त्या टाकीचं पाणी बघू शकत नाही, ती ओळ या पंपाला हात लावू शकत नाही, असल्या तक्रारींनी पडदा भरून जायचा. शेवटी वैतागून मी तो शब्द सगळीकडून खोडला. लगेच सगळं सुरळीत चाललं. मला वाटलं, चला, वाट लागता लागता वाचले.

खरं सांगायचं तर तो शब्द मला कळतच नव्हता, कारण आमच्या घरात तसलं काही नव्हतं. दोन खोल्या, सात माणसं. एक गोदरेजचं कपाट, आणि त्याची किल्ली कपाटाच्याच बाजूच्या खिळ्याला. मला आलेलं पत्र माझ्याआधी आजूबाजूच्या तिघांनी वाचलेलं असायचं. माझी पर्स भाऊ पेन शोधायला उघडायचा. एखादी गोष्ट कुणाच्या पोटात आहे आणि ती तुम्हाला विचारल्याशिवाय मिळणार नाही, हे आमच्याकडे फक्त आजारपणात, डॉक्टरांनी विचारलं की घडायचं.

त्याच आठवड्यात कॉलनीत आमच्या घरचा भोंडला होता. मी ऑफिसातून लवकर निघायची परवानगी मागत होते, तेव्हा तिने ऐकलं.

"भोंडला म्हणजे काय गं?"

मी सांगितलं. पाटावर हत्ती काढायचा, मधे ठेवायचा, बायका-मुलींनी हात धरून त्याच्याभोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची.

"म्हणजे गरबाच ना?"

"गरबा नाही," मी म्हटलं. "आमच्यात शेवटी खिरापत असते. ज्या घरचा भोंडला, तिथली बाई खाऊ करते आणि डब्यात झाकून आणते. झाकण उघडायचं नाही. बाकीच्यांनी ओळखायचं, आत काय आहे."

"मी येऊ?" ती म्हणाली. आता नाही कसं म्हणणार? गरबा तसाही तिच्याकडे रात्री उशिरा असायचा, तिला दोन्ही जमणार होतं.

इथे आईबद्दल सांगायला हवं. आईच्या मालवणकडच्या गावात तिने कधी भोंडला बघितला नव्हता. मुलुंडला आल्यावर शेजारणींकडून शिकली. गाणी तिला अजून नीट येत नव्हती, पण खिरापतीत तिने सगळ्यांना मागे टाकलं होतं. बाकीच्या बायका लाडू, करंज्या, वड्या असलं काहीतरी आणायच्या आणि दोन प्रश्नांत ओळखलं जायचं. आई आमच्या गावचं काहीतरी करायची, जे कॉलनीत कुणी खाल्लेलंच नसायचं. बायका विचारून विचारून थकायच्या, शेवटी सगळ्या मिळून "हरलो" म्हणायच्या आणि मग आई झाकण उघडायची. तो क्षण आईला सगळ्या सणांपेक्षा जास्त प्रिय होता. तिची खिरापत कधीच कुणी ओळखली नव्हती.

ती घाटकोपरहून हिरवी ओढणी घेऊन आली, केसांत गजरा घालून. फेर चुकला, गाणी येत नव्हती, तरी तोंड हलवत राहिली. बायकांना ती आवडली. मग आईने स्टीलचा डबा आणला आणि हळद-कुंकवाच्या ताटाशेजारी मांडी घालून बसली. नेहमीसारखी सुरुवात झाली. चिवडा? नाही. शंकरपाळे? नाही. आईने कानाशी डबा हलवून दाखवला. आतून बद्द असा आवाज आला. वड्या? नाही. बायका नावं घेत होत्या आणि आई मान हलवत होती, अगदी खुशीत.

ती गुडघ्यांवर पुढे सरकली. म्हणाली, "मावशी, मी विचारू?"

"इचार ना."

तिने एकही नाव घेतलं नाही. ती विचारत गेली. तळलेलं का? नाही. पीठ आहे का? नाही. झाडाला येतं का? हो. फळाचं आपण एरवी जे खातो, ते याच्या भोवती असतं का? आई जरा थांबली आणि म्हणाली, हो. मोठ्या फळात असतं? हो. त्या फळाला काटे असतात? आईचं हसू ओठांतच अडकलं. हो.

"मला नाव नाही माहीत," ती म्हणाली. "पण फणस खाल्ल्यावर आपण फेकतो ना, ते. ते उकडलंय तुम्ही."

"फेकतात?" आई म्हणाली. मग तिने झाकण उघडलं. आत उकडलेल्या आठळ्या होत्या, खोबरं, तिखट आणि गूळ घालून परतलेल्या. आईने त्या उन्हाळ्यात मातीत पुरून ठेवल्या होत्या. सगळ्या बायका हसल्या. मला वाटलं आईला राग येईल. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तिच्या हातात पहिली वाटी दिली आणि शेजारणीला म्हणाली, "हुशार आहे हो मुलगी." माझ्या डोक्यावरून आईने शेवटचा हात कधी फिरवला होता ते मला आठवेना. तिला पोचवायला मी कोपऱ्यापर्यंत गेले, वाटभर तिच्या चार पावलं पुढे राहून. ती काहीतरी विचार करत होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

परीक्षेच्या शनिवारी माझी पाळी आधी आली. मी माझी टाकी भरून दाखवली, घराघरांत पाणी सोडलं, सगळं बरोबर चाललं. साहेबांनी खुर्ची पुढे घेतली आणि मध्ये एक ओळ टाइप केली. तिसऱ्या मजल्यावरच्या घराने परस्पर टाकीतलं पाणी शून्य करून टाकलं.

"बघा," साहेब म्हणाले, "एका बाईंनी घरात बसून टाकी रिकामी केली आणि टाकीला पत्ताच नाही. हे कोबोलच आहे, फक्त कपडे नवे घातलेत."

लोक हसले. साहेबांचा तसा हेतू नव्हता, पण मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्या. मी जाऊन मागे बसले.

मग ती उठली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत, इंग्रजी लिपीतच पण मराठी शब्द आले. डबा. तिचा ऑब्जेक्ट म्हणजे खिरापतीचा डबा होता. पोटात काय आहे ते प्रायव्हेट. त्याला हलवता येत होतं, गोड का, तळलेलं का, झाडाला येतं का, असं विचारता येत होतं. लाडवांचा डबा वेगळा, चिवड्याचा वेगळा, आठळ्यांचा वेगळा. प्रत्येकाला हलवल्यावर प्रत्येक जण आपापला आवाज सांगायचा, आणि विचारणाऱ्याला आपण कुठल्या डब्याशी बोलतोय ते ठाऊक असायची गरज नव्हती. साहेब मोठ्याने हसले. लहानपणी बहिणींच्या मागे मागे तेही भोंडल्याला गेलेले होते.

"कसं सुचलं हे?" त्यांनी विचारलं.

"हिच्या आईकडे बघितलं," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "मला तिथेच कळलं, पूर्ण."

सगळे वळून माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले आणि मला त्या काचेतून आरपार निघून जावंसं वाटलं. माझी कॉलनी. माझी आई. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून दर वर्षी तो डबा माझ्यासमोर होता. तिने तो एकदा बघितला, अर्धा तास, आणि उचलून घेऊन गेली. जळफळाट हा शब्द मी तोपर्यंत नुसता वाचला होता.

साहेबांनी मग प्रोग्रॅम स्वतः चालवून बघितला. मुद्दाम चुकीची उत्तरं देत राहिले. डबा विचारत राहिला, ओळखा. साहेबांनी परत चुकवलं. डबा म्हणाला, ओळखा.

"कुणालाच ओळखता आलं नाही, तर?" त्यांनी तिला विचारलं.

ती गोंधळली. "तर परत विचारायचं."

"किती वेळ?"

तिने आपला कागद वरपासून खाली परत वाचला. पडद्यावर ओळखा, ओळखा चालूच होतं, मशीन बंद केल्याशिवाय ते थांबलं नसतं. आणि माझ्या एकदम लक्षात आलं की तिला माहीतच नाही. तिने आयुष्यात एकच भोंडला बघितला होता आणि त्यात ती जिंकली होती. हरल्यावर काय करतात ते तिच्यासमोर कधी घडलंच नव्हतं.

मी गप्प बसू शकले असते. साहेब म्हणाले असते, अपुरं आहे, आणि मग कुणास ठाऊक. पण मला त्या घडीला तेवढी अक्कल नव्हती. मला एवढंच हवं होतं की सगळ्यांना कळावं, तो डबा कुणाचा आहे.

"हरलो म्हणतात," मी मागून म्हटलं.

"काय?"

"बायका हरलो म्हणतात, साहेब. मग झाकण उघडतं. हिला ठाऊक नाही, हिच्यासमोर कुणी म्हटलेलं नाही."

"मग या, उघडून दाखवा," साहेब म्हणाले.

मी जाऊन कीबोर्डसमोर बसले. ती उभी राहून बघत होती. मी सवयीने खालच्या ओळीत लिहायला लागले, हरलो म्हटलं की डब्यातली खिरापत काढून छाप. आणि माझा हात थांबला. काढणार कोण? विचारणाऱ्या बायका? त्यांनी कधी डब्याला हात लावला होता? आई आपल्या हाताने झाकण उघडायची. बायकांनी नुसतं म्हणायचं. मी ती ओळ खोडली, वर गेले, डब्याच्या पोटात गेले आणि तिथे लिहिलं की हरलो ऐकलं की डब्याने स्वतः उघडायचं आणि स्वतःच सांगायचं. विचारणाऱ्यांच्या बाजूला एवढंच ठेवलं, हरलो. प्रायव्हेट होतं तसंच राहिलं. मी पहिल्यांदाच तो शब्द न खोडता ठेवला.

चाललं. पडद्यावर आठळ्या आल्या. गेले कित्येक आठवडे फळ्यावर नुसते गोल म्हणून जे होतं, ते सगळं मला त्या एका ओळीत कळलं. बोटी, क्रेन, कंटेनर, सगळे मला आपापल्या जागी बसलेले दिसले, एकमेकांशी बोलताना. मला हसू येत होतं आणि मी ते दाबत होते.

"आता हा पूर्ण झाला," साहेब म्हणाले आणि तिच्याकडे वळले. "बंदराचं काम सोमवारपासून तुमच्याकडे." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही यांच्यासोबत."

"सोबत म्हणजे?" मी विचारलं.

"हाताखाली," साहेब म्हणाले. "किंवा कोबोलवर राहा. तिथे तुम्हीच मोठ्या आहात. सोमवारी सांगा."

मी तिचा प्रोग्रॅम पूर्ण करून तिच्या हातात दिला होता. माझ्या आईचा डबा, माझ्या कॉलनीतलं हरलो, माझे हात, आणि काम तिचं. मी घरी जाऊन पडून राहिले. आई चहा घेऊन आली.

"काय गो, तोंड कित्याक पाडलंस?"

मी सगळं सांगितलं. तिला ऑब्जेक्ट वगैरे काही कळलं नसणार, पण डबा कळला. तिचा चेहरा फुलला. तिच्या आठळ्या एका कॉम्प्युटरात गेल्या होत्या.

"आई, तुझी मुलगी मी आहे," मी म्हटलं. "मला का नाही सुचलं ते? मी तर जन्मापासून बघतेय."

आईने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "तुका इचारूची गरजच खंय पडली गो?" ती म्हणाली. "वाटण वाटताना तू माझ्या बाजूक बसलेली. झाकण लागायच्या आधीच तुका सगळा ठावक. तू कधी डब्याच्या भायेर बसलंस?"

आईच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा त्या मुलीचा नुसता राग न येता वाईटही वाटलं, स्वतःसाठी. बाहेर बसून विचारायचं कसं, ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. पण म्हणून हेवा कमी झाला असं कुणी समजू नये. कारण कळल्याने तो कमी होत नाही.

सोमवारी ती आत काचेच्या खोलीत आधीच बसली होती. मला बघून बाहेर आली. "तू येशील ना?" म्हणाली. "तुला हाताखाली वगैरे नको असेल तर मी साहेबांना सांगते, दोघींना सारखं ठेवा. नाहीतर मीही नाही करत."

"तू कुणाला काही सांगायचं नाहीस," मी म्हटलं. तिने माझ्यासाठी सोडलेलं मला नको होतं.

माझ्या टेबलावर कोबोलचे कागद होते, ओळखीचे, माझ्या हुकमातले. तिथे मी अजून बरीच वर्षं मोठी राहिले असते. पण तिथून मान वर केली की काचेपलीकडे ती दिसली असती. रोज तिला काहीतरी नवं कळलं असतं, आणि मला कळलं नसतं. तिच्या हाताखाली बसणं मला जमलं असतं. हे बघणं जमलं नसतं.

मी आत गेले. ती सरकली आणि मला जागा करून दिली. मी खुर्ची ओढून घेतली, तिने बंदरासाठी लिहिलेलं पहिलं पान हातात घेतलं आणि त्यातली चूक शोधायला लागले.